जखमी कुठे गेले?

सिनेमात गोळीबार सुरू झाला की बाकीचे सगळे बंदुकीकडे बघत, आमच्या मेजरबाई जमिनीकडे बघत. कोण पडलं, कसं पडलं, कुठे लागलं आणि पडल्यावर त्याला उचलायला कोण आलं, एवढंच त्यांना बघायचं असे. कुणी आलं नाही आणि सिनेमा तसाच पुढे पळाला की त्या खुर्चीत ताठ होत आणि खणखणीत आवाजात विचारत, "जखमी कुठे गेले?"

उत्तर कुणाकडेच नसे. सिनेमा काढणाऱ्यांकडेही नसावं.

नव्वदनंतरच्या वर्षांत माझी बदली हुबळीला झाली. कचेरी कोप्पीकर रोडवर, विम्याची. राहायला खोली हवी होती, ती केशवापुरात मेजरबाईंच्या घरी माडीवर मिळाली. खोली दाखवण्याआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"रक्त बघून चक्कर येते का?"

"मी विम्याच्या कचेरीत आहे," मी म्हटलं.

"ते कळलं. चक्कर येते का?"

"नाही येत."

"मग या वर."

त्या लष्करात परिचारिका होत्या. मेजर म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण हे गल्लीतल्या लोकांना सहजी पटत नसे. नवा पोस्टमन आला की दारात उभा राहून "मेजरसाहेब आहेत का घरात?" असं विचारी. पातळ नेसलेल्या, पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या मेजरबाई पुढे होऊन सांगत, "मीच साहेब. द्या." दूधवाला त्यांना मेजर अक्का म्हणे. ते त्यांना चालत असे. 'सिस्टर' म्हटलेलं मात्र चालत नसे. "सिस्टर मी वॉर्डात होते," त्या म्हणत, "रस्त्यावर मेजर."

धारवाडच्या वकिलाची ही मुलगी. नर्सिंगला जाते म्हणाली तेव्हा वडिलांनी बोलणं टाकलं. तिने ट्रंक भरली आणि स्वतःच स्टेशनवर गेली. एकाहत्तरच्या लढाईत त्या पूर्व सीमेजवळच्या लष्करी रुग्णालयात होत्या. याहून जास्त त्या सांगत नसत. लग्न केलं नाही. का, असं विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायची त्यांना सवय होती. माया म्हणून धरलंय की नाडी बघतायत, हे कळायला मार्ग नसे. माझ्या पलंगावरच्या चादरीचे कोपरे त्या येता-जाता तपासत आणि नीट नसले तर न बोलता उलगडून पुन्हा दुमडत. रिक्षात बसत नसत. आजारी माणसाला 'दुखतंय का?' म्हणून विचारलेलं त्यांना खपत नसे. "दुखतंय हे दिसतंच आहे. कुठे दुखतंय ते विचारा!"

मागच्या भिंतीपलीकडे एक निवृत्त सुभेदार राहत. पायदळातले, मूळचे कलघटगीकडचे. रविवारी दुपारी त्यांच्याकडे दोन-चार जुने फौजी जमत आणि व्हीसीआरवर लढाईचा सिनेमा लावत. हिंदी, इंग्रजी, मिळेल तो. जमणाऱ्यांत तोफखान्यातले एक हवालदार होते. तोफांपायी त्यांचे कान गेले होते. त्यामुळे टीव्हीचा आवाज असा असे की आमच्याकडच्या मांडणीतल्या वाट्या वाजत. त्यावर हवालदारांचं ओरडणं वेगळं. "ही तोफ असा आवाज करत नाही! कुणी सांगितलं यांना?"

एका रविवारी मेजरबाई उठल्या, बूट चढवले आणि आवाज कमी करा म्हणून सांगायला गेल्या. मी मागोमाग गेले. दार उघडंच होतं. पडद्यावर नायकाच्या खांद्याला गोळी लागली होती. त्याने दातांनी रुमालाची गाठ मारली आणि त्याच बाजूच्या हाताने बंदूक उचलून तो डोंगर चढायला लागला.

"तो हात आता वर जाणार नाही," मेजरबाई उंबऱ्यातून म्हणाल्या.

सगळे वळून बघायला लागले. सुभेदार उठून उभे राहिले. "बाई, सिनेमा आहे हा."

"तोफेचा आवाज चुकला म्हणून हे मघापासून ओरडतायत, तेव्हा सिनेमा नव्हता?"

हवालदारांना काही ऐकू गेलं नव्हतं. ते हसून "बर्री, बर्री, या" म्हणाले. मेजरबाई आत गेल्या आणि सिनेमा संपेपर्यंत उभ्याच राहिल्या, कारण बसायला कुणी सांगितलं नाही. आवाज कमी करा म्हणायचं त्या विसरून गेल्या.

पुढच्या रविवारी त्या स्वतःची घडीची खुर्ची घेऊन गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारी पुरुषमंडळींनी वेळ बदलली, सकाळची केली. मेजरबाई सकाळी हजर. मग मंडळींनी जागाच बदलली आणि हवालदारांच्या घरी, नवनगरला जमायचं ठरवलं. मेजरबाईंना हे दूधवाल्याकडून कळलं. त्यांनी खुर्ची काखेत मारली, सिटी बस पकडली, कंडक्टरशी खुर्चीच्या तिकिटावरून कानडीत कडाक्याचं भांडण केलं आणि नवनगरला पोहोचल्या. हवालदारांच्या बायकोने दार उघडलं, आणि बाईमाणूस आलं म्हणून आनंदाने पोहे टाकले.

त्यानंतर सुभेदार स्वतः आमच्या दारात आले. "मेजरबाई, इतक्या लांब खुर्ची वाहू नका. आमच्याकडेच ठेवा ती."

"आधी मी का येऊ नये असं वाटत होतं तुम्हाला?" मेजरबाईंनी विचारलं. "खरं कारण सांगा."

सुभेदार अवघडले. मग म्हणाले, "तुम्ही होता तिथं दवाखान्यात. आम्ही होतो खंदकात. आम्ही लढलो, तुम्ही पट्ट्या बांधल्या. दोन्ही मोठंच काम आहे, पण सिनेमा लढाईचा असतो."

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण मेजरबाई शांतपणे बोलल्या.

"सुभेदारसाहेब, शेजारचा माणूस पडला तरी तुम्हाला पुढे जावं लागायचं. जायलाच हवं, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण तो पडलेला पुढे माझ्याकडे यायचा. तुमचा सिनेमा अर्ध्यात सुटतो. पुढचा मी बघितलाय."

रविवारी खुर्ची सुभेदारांकडे गेली आणि तिथेच राहिली.

मीही जायला लागले. सिनेमा संपल्यावर जे व्हायचं ते ऐकण्यासाठी खरं तर. हवालदार तोफांचा हिशेब घेत. सुभेदार चढाईच्या चुका काढत. असे घोळक्याने वर गेले तर एका मशीनगनमध्ये सगळे संपतील, म्हणत. मेजरबाई जखमींचं विचारत. मरणारा शिपाई मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून गाव, शेत, देश यांवर बोलायला लागला की त्या घड्याळाकडे बघत. "छातीत लागलंय. एवढा श्वास आणणार कुठून हा?" पहिले काही महिने मंडळी चिडत. मग हळूहळू अशी वेळ आली की पडद्यावर कुणी पडलं की हवालदारच त्यांच्याकडे वळून मोठ्याने विचारत, "हा वाचतो का हो?" आणि मेजरबाई निकाल देत. वाचेल. पाय जाईल. नाही वाचणार.

एकदा असाच पोटात गोळी लागलेला एक पोरगा पडद्यावर पडला. सुभेदारांनी हात लांब करून टीव्ही बंद केला.

"माझ्या तुकडीत एक होता," ते म्हणाले. "एकाहत्तरला. असंच पोटात लागलेलं. मी त्याला मागं पाठवला आणि पुढं गेलो. नंतर माझी बदली झाली, पलटण हलली. त्याचं काय झालं ते कधी कळलंच नाही मला. वाचला असेल का?"

मेजरबाईंनी बारीक चौकशी केली. कुठल्या बाजूला? किती वेळाने हलवला? पाणी दिलं होतं का? सुभेदार एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेले. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "नाही. वाचला नसेल."

सुभेदार उठून आतल्या खोलीत गेले. आम्ही चहा न घेता परतलो. पुढचे काही रविवार भिंतीपलीकडून आवाज आला नाही.

मला राहवलं नाही. "असेल वाचला, असं म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? एवढ्या वर्षांनी कोण तपासणार होतं?"

त्या चादरी दुमडत होत्या. "बरं वाटावं म्हणून विचारलं असतं तर म्हटलं असतं. त्यांनी तसं विचारलं नव्हतं. तू त्यांचा चेहरा बघितला नाहीस. मी बघितला."

एका रविवारी सुभेदार दारात आले. दाढी वाढलेली होती. "या आज," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते मेजरबाईंना 'अक्का' म्हणायला लागले, वयाने ते थोडे मोठे असूनही.

मग कारगिल झालं. त्या उन्हाळ्यात सिनेमा लावायची गरज उरली नाही. टीव्हीवर बातम्याच सुरू असत आणि आमची मंडळी त्यासमोर गप्प बसून असे. अळणावरकडच्या एका खेड्यातला एक मुलगा त्या डोंगरात गेला. त्याचं पार्थिव आलं तेव्हा सगळा जिल्हा लोटला. सुभेदार आणि हवालदार छातीवर पदकं लावून गेले. मेजरबाई गेल्या नाहीत. गर्दी ओसरल्यावर, पेरण्या उरकल्यावर त्या एकट्याच बसने गेल्या आणि त्या मुलाच्या आईपाशी बसून आल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा गेल्या. मग जातच राहिल्या. तिथे काय बोलता, असं मी एकदा विचारलं. "काही नाही. ती शेंगा फोडते, मीही फोडते."

काही वर्षांनी त्या लढाईवर एक सिनेमा आला. गावातल्या एका मंडळाने ठरवलं की पहिल्या खेळाला शहिदांच्या घरच्यांना बोलवायचं, मध्यंतरात पडद्यासमोर उभं करून हार घालायचे. सुभेदारांनाही बोलावणं होतं. हे कळल्यावर मेजरबाईंचा चेहरा दगडासारखा झाला.

"त्या बाईला मुलगा मरताना दाखवणार आणि वर हार घालणार?"

त्यांनी पायात बूट घातले ते तीन दिवस काढलेच नाहीत म्हणायला हरकत नाही. मंडळाच्या अध्यक्षांकडे गेल्या, थिएटरच्या मॅनेजरकडे गेल्या, दोघा-तिघा वकिलांना भेटल्या. सगळीकडे एकच वाक्य: हे होता कामा नये. अध्यक्ष हात जोडून "मेजर अक्का, आम्ही मान द्यायला निघालोय" म्हणत. त्या म्हणत, "तो बंद करा."

शेवटी सुभेदारांनी त्यांना थांबवलं. आमच्याच ओसरीवर.

"अक्का, एक विचारू? त्या माउलीला विचारलंत का तुम्ही?"

मेजरबाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "नाही विचारलं."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर त्या खेड्यात गेले. त्या मुलाच्या आई अंगणात भात पाखडत होत्या. बारीक चणीच्या, उन्हाने रापलेल्या, मेजरबाईंपेक्षा पुष्कळ लहान. मेजरबाईंनी सगळं सांगितलं. सिनेमा कसा आहे, त्यात काय दाखवतात, हार कसले, लोक कसे बघतील. मग म्हणाल्या, "तू नको म्हण. मी बघते पुढचं."

बाईंनी सूप खाली ठेवलं. "मला बघायचाय अक्का."

"कशाला?"

"त्यो कुठं होता ते बघायचंय. मी हुबळीच्या पुढं कधी गेले न्हाई. लोक म्हणत्यात डोंगर, बर्फ. मला काय डोळ्यापुढं येतच न्हाई बघा. त्यो गेला म्हणत्यात, पर कुठं गेला ते मला दिसंना झालंय." मग त्या म्हणाल्या, "हार मात्र नको. हार घातला की मान वर करता येत न्हाई."

मेजरबाई तिथेच मातीत बसल्या. त्यांनी बाईंचं मनगट हातात घेतलं. या वेळी नाडी बघत नव्हत्या, हे मलाही कळलं.

सत्काराला सुभेदार एकटेच गेले. बाई का आल्या नाहीत, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तिला सिनेमा बघायचाय, तुम्हाला ती लोकांना दाखवायचीय. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हार माझ्या गळ्यात घाला." आणि त्यांनी तो खरंच घालून घेतला.

पुढच्या आठवड्यात एका साध्या दुपारच्या खेळाला आम्ही पाचजण गेलो. मध्ये बाई, एका बाजूला मेजरबाई, दुसऱ्या बाजूला सुभेदार. हवालदार आणि मी कडेला. डोंगर दिसला तसा बाईंनी पदर तोंडाशी नेला.

"एवढा उभा?"

"याहून उभा असतो," सुभेदार म्हणाले.

"आणि हे बर्फ खरं?"

"खरंच आहे!" हवालदार ओरडले. पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या. कुणीतरी "कूड्री, गप बसा" म्हणालं. हवालदारांना ऐकू गेलं नाही.

बाई एकटक बघत होत्या. मुलं डोंगर चढत होती, घसरत होती, पुन्हा चढत होती. मेजरबाई हळू आवाजात सांगत होत्या: हे असंच असतं, हे असं नसतं. मग ते आलंच. एक तरुण शिपाई पडला, मित्राने त्याला मांडीवर घेतलं आणि तो बोलायला लागला. गाव, नदी, आई, झेंडा. थिएटरात हुंदके सुरू झाले. मागून कुणीतरी घोषणा दिली.

बाई रडत नव्हत्या. त्या मेजरबाईंकडे वळल्या.

"अक्का, असं बोलता येतं व्हय?"

सुभेदारांनी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरलेली मला दिसली. मी मनात म्हटलं, येतं म्हणा. एकदाच, येतं म्हणून सांगा.

"नाही," मेजरबाई म्हणाल्या. "इतकं नाही बोलता येत."

"मग काय बोलत्यात?"

"पाणी मागतात. थंडी वाजते म्हणतात. आणि आईला हाक मारतात. सगळे मारतात, मोठमोठे मिशीवाले सुद्धा. पंजाबी, तमिळ, कानडी, मराठी. सगळ्या भाषांतली ती हाक मला कळायला लागली होती."

"मग तू काय करायचीस?"

पडद्यावरचा अजून बोलतच होता.

"मी ओ द्यायचे," मेजरबाई म्हणाल्या. "कानडीत हाक आली तर कानडीत. मला खोटं बोलायचं नसायचं. पण ते हाक मारायचे आणि तिथे दुसरं कुणी नसायचं. म्हणून मी ओ द्यायचे."

बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. मग विचारलं, "माझ्याला दिली असंल कुणी?"

"मला माहीत नाही गं. मी तिथे नव्हते."

तेव्हा दुसऱ्या बाजूने सुभेदार बोलले. पडद्याकडे बघतच, घसा न खाकरता. "डोंगरावर आई नसते, दवाखाना नसतो. शेजारचा असतो. शेजारचा ओ देतो, मग पुढं जातो. मी दिलीय."

मेजरबाईंनी वळून त्यांच्याकडे बघितलं. इतक्या रविवारांत हे ते कधी बोलले नव्हते.

सिनेमा संपेपर्यंत आम्ही बसलो. बाहेर उन्हात आल्यावर बाईंनी तोंड धुतलं आणि भूक लागली म्हणाल्या. खानावळीत त्या पोटभर जेवल्या. बस स्टँडवर चालता चालता त्यांनी सुभेदारांना विचारलं, "तुमच्याकडं दर आयतवारी लावता म्हणं?"

"लावतो. पण आमचा लढाईचाच असतो."

"मग येईन की."

आणि त्या आल्या. पहिल्या रविवारी सुभेदारांनी एक जुना सिनेमा लावला होता, त्यातल्या त्यात कमी मारामारीचा. नायक एका पुलावर हल्ला करणार होता. त्याच्या मागून चाललेला एक शिपाई आवाज न करता कोसळला आणि बाकीचे त्याच्या अंगावरून पुढे गेले.

"थांबवा जरा," बाई म्हणाल्या. "ह्याचं नाव काय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. "त्याला नाव नाही," सुभेदार म्हणाले. "तो असाच, गर्दीतला."

"गर्दीतला म्हंजे? आई असंल की त्याला. मागं घ्या बघू."

मेजरबाई हसायला लागल्या. मी त्यांना अशा मोकळ्या हसताना कधी पाहिलं नव्हतं. "घ्या सुभेदारसाहेब, मागे घ्या," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी एकटी विचारत होते."

सुभेदारांनी बटण दाबलं. पडलेला पोरगा जमिनीवरून उठला, त्याच्या पायांखालची धूळ खाली बसली, आणि तो उलट्या पावलांनी चालत ओळीत आपल्या जागी येऊन उभा राहिला. वीस-बावीसचा असेल. मिसरूड नुकती फुटलेली, टोपी जराशी मोठी.

"हितंच ठेवा थोडं," बाई म्हणाल्या.

सुभेदारांनी चित्र तिथेच थांबवलं. हवालदारांनी काय झालं म्हणून विचारलं, त्यांना कुणी काही सांगितलं नाही. आतून चहा आला. आम्ही तो सावकाश प्यायलो, आणि तोवर तो पोरगा टीव्हीत तसाच उभा होता, व्हीसीआर जुना असल्यामुळे किंचित थरथरत.